नी चू चाय नार?

मित्रांनो, शीर्षक वाचून काहींना वाटलं असेल की मेसच्या रविवारच्या मेनूत मंच्युरियननंतर आणखी एक चिनी आयटम आला. तसं काही नाही! हे आहे चिनी भाषेतलं एक साधंसुधं वाक्य. अर्थ एवढाच : ‘तू कुठं राहतोस?’ हाच प्रश्न आपल्या होस्टेलवर दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो. कधी मराठीत, कधी हिंदीत आणि बहुतेकदा आपल्या अस्सल वऱ्हाडीत, ‘कोन्या गावचा बे तू?’

आता तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यात बसून याला चिनी कशाला सुचली? कारण अगदी इंजिनिअरिंगचंच आहे. प्रोजेक्टसाठी मागवलेल्या एका मोटार कंट्रोलरची डेटाशीट चिनीत निघाली, तिचा अर्थ लावता लावता नाद लागला आणि मोबाईलवरून थोडीफार चिनी शिकायला सुरुवात केली. कुठलीही भाषा शिकताना पहिल्या चार धड्यांत हा प्रश्न येतोच. नमस्कार, तुझं नाव काय, तू कुठं राहतोस. पण याच प्रश्नाशी मी जास्त थांबलो. कारण शिकता शिकता लक्षात आलं की ‘कुठं राहतोस’ असं विचारून माणूस दोन वेगळ्या गोष्टी विचारत असतो. एक प्रश्न समोरच्याला ओळखायला विचारतात, दुसरा त्याला कप्प्यात टाकायला. आपल्या होस्टेलवर आणि थोडंफार वर्गातसुद्धा हा दुसरा प्रश्न जास्त चालतो, आणि तो बंद व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगायला चिनीची मदत घेतो.

आधी वाक्य नीट बघू. ‘नी’ म्हणजे तू. ‘चू’ म्हणजे राहणं. हा च म्हणताना जीभ ट-ठ म्हणताना वळते तशी मागं वळवायची. ‘चाय’ म्हणजे मध्ये, -ला. (हा पिण्याचा चाय नव्हे! यातला च आपल्या ‘चाक’मधला, ‘चहा’मधला नाही. ‘चहा’ हा शब्द मात्र मुळात चिनीच.) आणि ‘नार’ म्हणजे कुठं. हे झालं उत्तरेकडचं बोलणं. दक्षिणेकडचे लोक ‘नार’ऐवजी ‘नाली’ म्हणतात. इंग्रजीत ‘व्हेअर’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यावा लागतो. चिनीत ती कटकट नाही. ‘मी मेहकरला राहतो’ यातला ‘मेहकरला’ काढायचा आणि तिथंच ‘कुठं’ ठेवायचं, हे जसं मराठीत चालतं तसंच चिनीत. शिवाय राहतो, राहते, राहतोस, राहतेस असली भानगडच नाही. मुलगा असो, मुलगी असो, आजोबा असोत, क्रियापद तेच.

पण थांबा, खरी गंमत पुढं आहे. चिनी भाषेत सुरांना अर्थ असतो. ‘नार’चा सूर खाली नेऊन वर आणला तर अर्थ ‘कुठं’. तोच ‘नार’ वरून खाली जोरात आपटला तर अर्थ ‘तिथं’! म्हणजे सूर चुकला की ‘तू कुठं राहतोस?’ या प्रश्नाचं ‘तू तिथं राहतोस’ असं होऊन बसतं. प्रश्न जातो आणि निकाल उरतो. मला वाटतं, हा नियम फक्त चिनीला नाही, आपल्यालाही लागू आहे. ‘कुठं राहतोस?’ हे वाक्य आपणही अशा सुरात म्हणू शकतो की समोरच्याला कळतं, याला उत्तर नकोच आहे, यानं आधीच ठरवलंय.

चिनीत या प्रश्नाच्या छटा आणखी आहेत. आदरानं विचारायचं तर ‘नी’चं ‘नीन’ करायचं, आपल्या तू आणि तुम्हीसारखं. जुन्या वळणाचे लोक ‘फू-शांग’ म्हणजे ‘आपला वाडा’ कुठं असं विचारत, मग समोरच्याची झोपडी का असेना. आणि समोरचा आपल्या घराला ‘थंडगार झोपडी’ म्हणे. आपल्याकडं नाही का, ‘या एकदा गरिबाच्या घरी’! स्तुती केली की चिनी माणूस ‘नाली, नाली’ म्हणत असे, म्हणजे शब्दशः ‘कुठं, कुठं’. आपल्या ‘छे हो, कुठलं काय!’ची सख्खी बहीणच.

त्याशिवाय एक अगदी वेगळा प्रश्न आहे : ‘नी श नाली रन?’ म्हणजे ‘तू कुठला माणूस?’ याचं उत्तर राहत्या खोलीचं नसतं, मुळाचं असतं. त्यासाठी ‘लाव-च्या’ असा शब्द आहे, शब्दशः ‘जुनं घर’, आपल्या भाषेत ‘मूळ गाव’. आणि सरकारी कागदांवर भरायचा आणखी एक शब्द आहे, ‘ची-क्वान’. म्हणजे तुमच्या आजोबांचं गाव. मग तुम्ही तिथं कधी पाऊलही टाकलेलं नसो.

थोडक्यात काय, तू आत्ता कुठं राहतोस हा एक प्रश्न, आणि तू मुळात कुठला हा दुसरा. आपल्या भाषेतही दोन्ही आहेत, पण आपण त्यांची सरमिसळ करतो. कॉम्प्युटरवाल्यांना पटकन कळेल. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातून येतानाच एक मॅक ॲड्रेस मिळालेला असतो. तो झाला ची-क्वान. आणि ज्या नेटवर्कला ते कार्ड जोडलं जातं तिथून त्याला आयपी ॲड्रेस मिळतो. जागा बदलली की तो बदलतो. तो झाला राहता पत्ता. आता दूरच्या नेटवर्कवरून पॅकेट तुमच्यापर्यंत येतं ते काय बघून? आयपी बघून! कार्ड कुठल्या कंपनीत बनलं याची चौकशी करत कुठलाही राऊटर बसत नाही. ही चौकशी फक्त माणसं करतात.

आता बघू, आपण ती कशी करतो.

आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा. त्यातही घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन गट. चिखली-मेहकरचा घाटावरचा, मलकापूर-नांदुऱ्याचा घाटाखालचा. ‘घाटावरचा का खालचा?’ हा प्रश्न निरागस आहे, त्यातून उगाच थट्टा चालते, कुणाच्या भाकरी मोठ्या नि कुणाचं ऊन जास्त, वगैरे. त्याला माझी हरकत नाही. गावाच्या नावावरून दोन माणसं जोडली जातात हेही मी पाहिलंय. ‘अरे, संग्रामपूरचा का? माझे मामा तिकडचेच!’ झालं, पुढच्या चार वर्षांची मैत्री तिथंच ठरली.

हरकत आहे ती पुढच्या प्रश्नांना. पहिल्या वर्षाचा मुलगा नवीन आलेला. सीनियर विचारतो, ‘कोन्या गावचा?’ तो तालुका सांगतो. ‘तालुका नाही, गाव सांग.’ गाव सांगतो. ‘गावात कुठी?’ तो म्हणतो, बसस्टँडपाशी. ‘बसस्टँडच्या अलीकडं का पलीकडं?’ ‘पाटलाच्या वाड्यापासून किती लांब?’ ‘बाजूला कोणाचं घर?’ आता सांगा मित्रांनो, हा भूगोलाचा पेपर चाललाय का? विचारणाऱ्याला माहीत असतं तो काय विचारतोय. उत्तर देणाऱ्यालाही माहीत असतं. आणि बाजूला कॉटवर बसून मोबाईल बघणाऱ्या आम्हा बाकीच्यांनाही माहीत असतं. आडनावावरून नक्की कळलं नाही म्हणून गल्लीवरून काढायचं, एवढंच! आपल्याकडच्या बहुतेक गावांत वस्ती जातीप्रमाणं वसलेली, त्यामुळं गल्ली कळली की जात कळते. तोंडानं ‘जात’ शब्द उच्चारलाच नाही, मग आम्ही कुठं काय विचारलं, असा साळसूदपणा वर आहेच.

हे सरकारलाही कळतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये निर्णय घेतला की गावांतल्या आणि शहरांतल्या वस्त्यांना, रस्त्यांना असलेली जातिवाचक नावं बदलायची आणि त्याऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. निर्णय चांगलाच आहे. पत्त्यातून जात गेली पाहिजे. पण पत्ता विचारणाऱ्याच्या डोक्यातून ती कशी जाणार? पाटी बदलायला रंगाचा एक डबा पुरतो. ‘समतानगर म्हणजे पूर्वीचं काय रे?’ असं विचारणारा मात्र अजून होस्टेलच्या जिन्यात उभा आहे.

हा प्रश्न माणसाला किती महागात पडू शकतो हे बघायचं असेल तर 1917 सालच्या बडोद्यात जावं लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून बडोदा संस्थानात नोकरीला आले. पदवी होती, नोकरी होती, नव्हती ती राहायला जागा. एका पारशी खाणावळीत त्यांनी पारशी नाव लावून खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामानासकट बाहेर काढलं. सगळ्या शहरात कुणी जागा देईना. तो दिवस त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. देशातला सर्वांत जास्त शिकलेल्यांपैकी एक माणूस, आणि ‘तुम्ही कुठं राहता?’ याला त्या दिवशी त्याच्याकडं उत्तर नव्हतं. कारण शहरानं त्याला ‘तुम्ही कुठले?’ हा दुसराच प्रश्न विचारला होता.

आणि हे फक्त इतिहासात नाही बरं का. आपल्यातले बरेच जण उद्या पुण्या-मुंबईला, बंगळूरला नोकरीला जाणार. तिथं ‘बुलढाणा’ म्हटलं की ‘म्हणजे नागपूरजवळ का?’ हे ऐकायची तयारी ठेवा. चिखलीचा म्हटलं तर ते पिंपरी-चिंचवडमधली चिखली समजतील, जळगाव जामोदचा म्हटलं तर तुम्हाला खान्देशात पाठवतील. इथवर ठीक. पण फ्लॅट भाड्यानं घ्यायला गेलात की घरमालक आधी आडनाव विचारेल, मग ‘व्हेज का नॉनव्हेज’ विचारेल, मग ‘मूळचे कुठले?’ विचारेल आणि मग ‘सांगतो दोन दिवसांनी’ म्हणेल. ते दोन दिवस कधी संपत नाहीत! तेव्हा आपल्याला राग येईल आणि तो योग्यच असेल. पण जिन्यात उभं राहून ज्यूनियरला ‘अलीकडं का पलीकडं’ विचारणाऱ्याला तो राग धरायचा हक्क किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चीनमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. तिथं तर हा दुसरा प्रश्न सरकारनंच कायद्यात घातला. 1958 साली तिथं ‘हूखौ’ नावाची कुटुंब-नोंदणीची पद्धत देशभर लागू झाली. माणसाची नोंद एका ठिकाणी, तीही शेतकरी की बिगरशेतकरी अशा शिक्क्यासकट, आणि ती मुलांना आईबापाकडून मिळणार. पुढं कारखाने निघाले, खेड्यांतली माणसं शहरात गेली. आज असे सुमारे 30 कोटी कामगार तिथं आहेत. शहरात ते वीस वर्षं राहिले तरी कागदावर गावचेच. मुलाला शहरातल्या शाळेत घालायचं तर अडचण, आणि विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यायला बऱ्याच मुलांना नोंदीच्या प्रांतात परत जावं लागतं. 2014 मध्ये तिथल्या सरकारनं शेतकरी-बिगरशेतकरी हा भेद काढून टाकायचं जाहीर केलं, पण गावची नोंद आणि शहरातलं राहणं यातली दरी अजून पुरती बुजलेली नाही. तुमच्या-माझ्या हातातल्या फोनमधले कित्येक सुटे भाग जोडणारे हात असेच, एका ठिकाणी राहणारे आणि दुसऱ्या ठिकाणचे ठरलेले. आपल्या जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या माणसाला हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

उलटंही घडतं. चिनी माणूस इकडं अडकल्याचं उदाहरण आपल्या विदर्भाला खेटून आहे. तुमसरहून एक रेल्वे फाटा मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला जातो. त्या तिरोडीत वांग ची नावाचा एक चिनी सैनिक राहत होता. 1962 च्या युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये तो वाट चुकून सरहद्द ओलांडून आला आणि पकडला गेला. सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर त्याला सोडलं, पण मायदेशी नाही, तिरोडीला. तिथं त्यानं पिठाच्या गिरणीत काम केलं, गावातल्या मुलीशी लग्न केलं, पोरंबाळं झाली. लोक त्याला राजबहादूर म्हणायचे. गावी जायला मिळालं ते थेट फेब्रुवारी 2017 मध्ये, 54 वर्षांनी! आता त्याला विचारा, ‘नी चू चाय नार?’ तर उत्तर तिरोडी. ‘तुझं जुनं घर कुठं?’ तर उत्तर चीन. दोन्ही उत्तरं खरी. त्यातलं एकच खरं धरून दुसरं खोटं पाडायचा अधिकार कुणाला?

आणि आता ज्यांच्यामुळं मराठी माणसाला चीनमध्ये मान आहे त्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडं येतो. त्यांची गोष्ट आपल्याला व्ही. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटामुळं माहीत असते, पण तिच्यातली भाषेची बाजू आपण विसरतो. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसनं 1938 साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते. पाचांमध्ये नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे, वयाची अठ्ठाविशी गाठत आलेले डॉ. कोटणीस. बाकीचे चौघं पुढं एकेक करून परतले. कोटणीस राहिले. त्यांनी चिनी शिकून घेतली, नुसती कामचलाऊ नाही, बोलता-लिहिता येईल इतकी. 1941 मध्ये ते बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं ‘इन-ह्वा’. ‘इन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला कोटणीस गेले, अवघे 32 वर्षांचे.

डॉक्टरला रोग्याशी बोलावं लागतं. कुठं दुखतं, कधीपासून, घर कुठं, घरी कोण असतं. हे सगळं दुभाष्यामार्फतही विचारता आलं असतं. कोटणीसांनी ते रोग्याच्या भाषेत विचारायचं ठरवलं. मला वाटतं, कुणी आपल्या भाषेत, आपल्या बोलीत ‘कुठं राहतोस’ विचारलं की ती चौकशी राहत नाही, ती विचारपूस होते. आणि त्या माणसानं आपल्या मुलाच्या नावात दोन्ही पत्ते लिहून ठेवले, मूळचा आणि राहता. एकासाठी दुसरा पुसला नाही.

याउलट आपण काय करतो? ईशान्येकडून आलेल्या मुलाला ‘ए चिनी’ म्हणतो. त्यानं ‘अरुणाचल’ सांगितलं तरी ‘म्हणजे चीनच ना?’ म्हणून हसतो. गंमत वाटते का ही? अरुणाचलचा निडो तानिया हा विद्यार्थी जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत रस्ता विचारायला एका दुकानाशी थांबला, त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली, त्यातून मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या बेझबरुआ समितीनं ईशान्येकडच्या माणसांना देशभर सोसाव्या लागणाऱ्या या वागणुकीवर अहवाल दिला. ‘गंमत’ कुठं जाऊन थांबेल हे ती सुरू करणाऱ्याच्या हातात नसतं.

आता तुम्ही म्हणाल, ‘मग काय कुणाला गावच विचारायचं नाही का? तोंड शिवून बसायचं?’ अजिबात नाही! विचारा, जरूर विचारा. न विचारणं हा तर आणखी वाईट प्रकार. समोरच्या खोलीतला मुलगा कुठला, हे दोन वर्षांत ज्यानं विचारलं नाही त्याला मी फार सभ्य म्हणणार नाही. प्रश्न विचारण्याला माझा विरोध नाही, त्याच्या पुढच्या पायरीला आहे. ‘कुठं राहतोस?’ याच्यानंतर वाट फुटते. एक वाट ‘कुणातला?’कडं जाते. दुसरी कुठं जाते, ते शेगावला बघा.

शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला रोज कुठून कुठून माणसं येतात. तिथले सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतात. ‘माऊली, कुठून आलात?’ हाच प्रश्न तिथंही आहे. पण तो विचारणाऱ्याच्या मनात पुढचा हिशोब असतो तो हा की माणूस किती लांबून आला, जेवला का, राहायची सोय झाली का, रांग कुठं, पाणी कुठं. उत्तर मिळालं की तो हात करून वाट दाखवतो. गल्ली विचारत नाही. आपल्या जिल्ह्यातच इतका चांगला धडा रोज चालू असताना आपण होस्टेलवर तो का गिरवू नये?

आणि चिनीत यासाठी एक फार चांगला प्रश्न आहे, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ‘नी चू चाय नार’ झाल्यावर विचारतात, ‘चू द क्वान मा?’ म्हणजे, राहायची सवय झाली का? जमतंय का तिथं? मला याचं मराठी चटकन सुचलं, कारण आपली आई पहिल्या आठवड्यात फोनवर रोज हेच विचारते : ‘करमतं का रे?’

आता एक गोष्ट बघा. आजोबांचं गाव सांगणाऱ्या ‘ची-क्वान’ मध्ये एक क्वान आहे. सवय झाली का विचारणाऱ्या वाक्यात दुसरा क्वान आहे. उच्चार एकच, सूरही एकच. लिहिताना फरक पडतो तो एवढाच की पहिल्या चिन्हाच्या डाव्या बाजूला ‘हृदय’ दाखवणाऱ्या तीन रेघा काढल्या की दुसरं चिन्ह तयार होतं. मूळ गावाच्या क्वानला हृदय जोडलं की करमण्याचा क्वान होतो. चिनी लिपी करणाऱ्यांच्या मनात आपलं होस्टेल नक्कीच नव्हतं. पण मला ते अगदी आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं.

कारण करमत नाही ही आपल्याकडची खरी अडचण आहे. पहिल्या महिन्यात रात्री गॅलरीत उभं राहून फोनवर हळू आवाजात रडणारी मुलं दर वर्षी असतात. मेसची भाजी गिळत नाही, इंग्रजी लेक्चर डोक्यावरून जातं, पाण्याचा टँकर आला की बादली घेऊन पुढं घुसायची हिंमत होत नाही. काही जण दिवाळीला जातात ते परतच येत नाहीत. आपण म्हणतो, ‘झेपलं नाही त्याला.’ त्याला इंजिनिअरिंग झेपलं नाही की आपण, हे कुणी विचारत नाही. अशा मुलाला आपण पहिल्याच आठवड्यात जिन्यात उभं करून पाटलाच्या वाड्यापासूनचं अंतर विचारलेलं असतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. यूजीसीचे नियम 2009 पासून आहेत, त्यानुसार दर वर्षी आपण आणि आपले पालक प्रतिज्ञापत्रही भरून देतो. पण ‘बाजूला कोणाचं घर?’ हा प्रश्न कुठल्या तक्रारपेटीत टाकायचा? तो कायद्यानं नाही, आपणच थांबवायचा आहे.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. सीनियर मित्रांनो, नव्या मुलाला गाव विचारा, पण गावावरच थांबा. गल्ली त्याला सांगावीशी वाटेल तेव्हा तो सांगेल. कुणी ‘अलीकडं का पलीकडं’ सुरू केलं तर बाजूला बसलेल्यांनी मोबाईलमधून मान वर काढून एवढंच म्हणावं, ‘काऊन बे, त्याच्या घरी जेवाले चालला का?’ हसण्यावारी जाईल आणि विषय तिथंच संपेल. रेक्टर सरांना विनंती की खोल्या देताना एकाच तालुक्याची मुलं एकत्र टाकू नयेत. घाटावरचा आणि घाटाखालचा, बिहारचा आणि लोणारचा एका खोलीत राहू द्यावेत. आणि आदरणीय सर-मॅडम, आपणही वर्गात एखाद्याला उभं करून ‘कुठला रे तू?’ विचारता. मग तो गाव सांगतो आणि आपण ‘तरीच!’ म्हणता. सर, तो ‘तरीच’ तेवढा गाळता आला तर बरं होईल. त्या एका शब्दानंतर तो मुलगा सेमिस्टरभर शंका विचारत नाही.

बाकी चिनी शिकायचीच कुणाला असेल तर जरूर शिका, पुढं कामाला येईल. सूर जमायला वेळ लागतो, जीभ वळायला वेळ लागतो. पण आपल्या भाषेत एक शब्द असा आहे की त्याला कुठलाही सूर लावा, तो चुकत नाही. या वर्षीची नवी बॅच आली की बादली हातात धरून जिन्यात बावरून उभ्या असलेल्या एखाद्याला आपण होऊन विचारून बघा : करमतं का रे इथं?